येझदीचे इंजिन : कापण्याआधी हवा तपासा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून येझदी बाहेर पडणे १९९६ मध्ये थांबले. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० ही बंद झाली. पण गाड्या काही संपल्या नाहीत. कुणाच्या अंगणात, कुणाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पंधरा-वीस वर्षे पडून राहिलेली येझदी आज हौसेने बाहेर काढली जाते आणि तिचा मालक चांगल्या कारागिराच्या शोधात फिरतो. आपल्या समाजातील कित्येक मेकॅनिक, लेथवाले आणि बोअरिंगवाले यांच्यासाठी हे काम रोजीचे साधन आहे. नव्या पिढीतील मुले टू-स्ट्रोक शिकत नाहीत, त्यामुळे ज्यांच्या हातात ही कला उरली आहे त्यांना मजुरीही बऱ्यापैकी मिळते. मात्र हे काम बऱ्याचदा उलट्या बाजूने सुरू होते, असे आमचे निरीक्षण आहे. गाडी आली, धूर करते, ओढत नाही, की आधी हेड खोलायचे आणि ब्लॉक बोअरिंगला पाठवायचा. येथेच मोठे नुकसान होते, आणि ते गिऱ्हाइकाचे होते.

येझदी २५० चे मूळ बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे सुमारे २४९ सीसी. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायरीने मिळतात: ६५.२५, ६५.५०, ६५.७५, ६६. एवढ्या चारच पायऱ्या. प्रत्येक बोअरिंगला एक पायरी खर्च होते आणि कापलेले बीड परत येत नाही. शेवटची पायरी संपली की स्लीव्ह घालावी लागते, आणि तिच्या खिडक्या मूळच्या जागी नेमक्या उतरवणारा कारागीर सगळीकडे सापडत नाही. म्हणून बोअर ही गिऱ्हाइकाने आपल्या हाती दिलेली अमानत आहे असे धरूनच कामाला हात लावावा.

आमचीच एक चूक सांगतो. एका सद्गृहस्थांनी वडिलांची येझदी आणली. पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने घासून पकडला होता. आम्ही फार विचार न करता ब्लॉक ६५.५० ला कापून दिला. चार महिन्यांत गाडी पुन्हा पकडली. बोअरिंगवाल्याने ढिलाई कमी ठेवली असेल असे म्हणून आम्ही ६५.७५ केले. गाडी तिसऱ्यांदा पकडली, तेव्हा डायनामोच्या बाजूचे ऑइल सील काढून पाहिले. त्याचे ओठ बिस्किटासारखे कडक झाले होते. दोष पहिल्या दिवसापासून तिथेच होता. दुसऱ्या बोअरची मजुरी आणि पिस्टनचे पैसे आम्ही परत केले, पण दोन पायऱ्या कुठून परत करणार?

असे का होते, ते समजून घेतले पाहिजे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकचेंबर म्हणजे तेलाची टाकी. टू-स्ट्रोकमध्ये तो पंप असतो. पिस्टन वर जाताना क्रँकचेंबरमध्ये ओढ निर्माण होते आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल-हवा आत येते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर, पिस्टनच्या डोक्यावर जाते. या पंपाला गळती असेल तर वरचे बोअर कितीही सुरेख असले तरी इंजिन नीट चालणार नाही.

येझदीत गळतीच्या दोन मोठ्या जागा आहेत आणि दोन्हींची लक्षणे वेगळी. डावीकडे, क्लच-चेनच्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्सचे ऑइल क्रँकचेंबरमध्ये ओढले जाते. धूर दाट निघतो, इंजिन गरम झाले तरी कमी होत नाही, आणि गिअर ऑइल बाहेर कुठे थेंब न पडता कमी होत जाते. हा धूर पाहून रिंगा गेल्या असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. उजवीकडे, डायनामोच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत येते. मिश्रण पातळ होते, स्लो स्पीड सेट होत नाही, अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन चढलेलेच राहते, प्लग पांढरा पडतो. पेट्रोलबरोबरच तेल येत असल्याने पातळ मिश्रण म्हणजे कमी तेलही, आणि शेवटी पिस्टन पकडतो. आमच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

याची तपासणी स्वस्त आहे. डॉक्टर रक्तदाब मोजतात ते डायलचे यंत्र घ्यावे, जुने चालेल. त्याची नळी, जुन्या प्लगचा पोकळ केलेला बुंधा वापरून, प्लगच्या भोकात बसवावी. कार्बुरेटर आणि दोन्ही सायलेन्सर उतरवून ती तोंडे रबराचा तुकडा आणि पट्टी लावून घट्ट बंद करावीत. पिस्टन अगदी खाली आणावा, म्हणजे वरची आणि खालची जागा एक होते. मग फुगा दाबून काटा ३०० च्या जवळ न्यावा. हा दाब सहा पौंडांपेक्षा थोडा कमी भरतो. त्यापुढे जाऊ नये, चांगले सीलही उलटेल. सुस्थितीतील इंजिनात काटा मिनिटभरात जेमतेम हलतो. सरसर खाली आला तर साबणाचे पाणी लावीत फिरावे: हेडचा जोड, ब्लॉकखालचे पॅकिंग, कार्बुरेटरचा फ्लँज, क्रँककेसचा मधला जोड. डायनामो काढून त्यामागच्या सीलवर फेस लावावा. डाव्या सीलसाठी गिअरबॉक्सचे ऑइल भरण्याचे बूच काढून तिथे कान लावावा, हवेची फुसफुस ऐकू येते. अर्ध्या तासाचे काम, पण त्याची मजुरी लावायला संकोच करू नये. तपासणी हेही काम आहे, हे आपल्या लोकांनी गिऱ्हाइकाला सांगायला शिकले पाहिजे.

त्याच्याही आधी एक साधी गोष्ट पाहावी, ती म्हणजे सायलेन्सर. काजळीने तुंबलेला सायलेन्सर इंजिनचा गळा दाबतो आणि गाडी म्हातारी वाटते. आतली जाळी काढून साफ केल्यावर निम्मी तक्रार मिटलेली आम्ही पाहिली आहे. तसेच कॉम्प्रेशन गेजवर पाहावे, इंजिन गरम असताना आणि अॅक्सिलरेटर पूर्ण उघडून. मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा पाहावे. आकडा बराच चढला तर रिंगा आणि बोअर संशयित. चढला नाही तर हेडचा जोड आणि प्लगचे आटे पाहावेत.

एवढे झाल्यावर ब्लॉक उतरवावा. कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढून पाहावा. आडवी हालचाल असणारच, ती ठेवलेलीच असते. पण उभ्या दिशेने टक असा जराही आवाज आला तर खालचे बेअरिंग गेले. पडून राहिलेल्या गाड्यांत हा दोष फार. आत ओल साचून बेअरिंगला गंज धरतो, आणि गंजलेले बेअरिंग चालू केले की महिन्याभरात आवाज करते. नवी रॉड किट प्रेसवरच बसवावी आणि क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजने सरळ करून घ्यावा. दोन-तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त डोल सोडू नये. डोलणारा क्रँक नवे सीलही थोड्या दिवसांत खातो. मेन बेअरिंग बसवताना क्रँककेस उकळत्या पाण्याइतकी गरम करावी, बेअरिंग हाताने उतरते. हातोड्याने ठोकणाऱ्या मिस्त्र्याला आमच्या गॅरेजात जागा नाही.

आता बोअर. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी उभे-आडवे असे सहा आकडे घ्यावेत आणि कागदावर लिहावेत. झीज सर्वांत जास्त वरची रिंग थांबते त्याच्या खाली आणि एक्झॉस्टच्या खिडकीजवळ असते. झीज मर्यादेत असेल तर नव्या रिंगा पुरतात, कापू नये. कापायचेच असेल तर आधी पिस्टन हातात घ्यावा, मोजावा, आणि त्या पिस्टनला ब्लॉक जुळवावा. पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नये, बाजारातील सगळा माल सारखा नसतो. ढिलाई पिस्टन बनवणाऱ्याने दिली असेल ती ठेवावी. ती नसेल तर बीडाच्या ब्लॉकमध्ये ६५ मिलिमीटरला साडेसहा-सात शतांश हा जुना अंदाज धरतात. रिंग एकटी बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने पाहावी, पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. आणि बोअरिंगनंतर खिडक्यांच्या कडा गोल केल्याशिवाय ब्लॉक परत घेऊ नये. धारदार कडेत रिंग अडकून तुटते, नवा बोअर एका दिवसात चिरतो. हे काम बोअरिंगवाल्याने करायचे की फिटरने, या वादात कित्येकदा ते राहूनच जाते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, आणि रिंगांची तोंडे खाचेतल्या पिनवरच.

तेलाचे प्रमाण जुन्या रिवाजाप्रमाणे १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली ठेवतात. पहिले ५०० किलोमीटर आम्ही लिटरला ५० मिली घालायला सांगतो. पेट्रोलचा मात्र नवा प्रश्न आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलमुळे तेच जेट आता पातळ मिश्रण देते, म्हणून प्लगचा रंग पाहून मेन जेट एखाद्या नंबरने वाढवावा लागतो. जुनी रबरी नळी आणि वॉशर फुगतात, ते बदलावेत. इथेनॉल पाणीही ओढते. महिनोन् महिने गाडी उभी ठेवणाऱ्या हौशी मालकाला टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करायला बजावून सांगावे.

कागदपत्रांचेही पाहावे. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, म्हणून भंगारातून दुसरी क्रँककेस आणून बसवणे हा केवळ सुट्या भागाचा प्रश्न राहत नाही. ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यात इंजिन, चासी, बॉडी यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. १९७३-७४ च्या येझदी आता त्या वयात आल्या आहेत. गिऱ्हाईक पिकअप वाढवा म्हणून खिडक्या घासायला सांगते, तेव्हा हा नियम त्याच्या कानावर घालावा.

इंजिनच्या आत काय केले हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणारी प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस आपल्या बाजारपेठेत सर्वांना ठाऊक आहे. इंजिन हा तसाच ढीग आहे. आम्ही आता गाडी देताना काढलेला पिस्टन, रिंगा, सील आणि बेअरिंग एका पिशवीत घालून देतो. सोबत एक चिठ्ठी: कापण्याआधीचे सहा आकडे, नंतरचे सहा आकडे, हवेच्या तपासणीत काटा किती मिनिटांत किती उतरला, आणि ब्लॉकच्या किती पायऱ्या शिल्लक आहेत. पुढचा मिस्त्री कुणीही असो, त्याने तेथून सुरुवात करावी.