दादाचे एक्केचाळीस गेम्स आणि माझी वही

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा अनुभव मराठीतच लिहायचा होता, कारण भांडण मराठीतच झालं होतं!

दादा नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा त्याने त्याचा प्लेस्टेशन २ आणि ४१ गेम्स माझ्या हवाली केले. "एकही हरवू नकोस," एवढंच म्हणाला. मी खोका उचलून होस्टेलवर आणला. दर शनिवारी रात्री आमच्या खोलीत जत्राच! आणि एक दिवस 'गॉड ऑफ वॉर'ची केस उघडली तर आत डिस्कच नाही.

शेवटची ती माझ्या रूममेटने नेली होती, हे मला पक्कं आठवत होतं. सगळ्यांसमोर तिला नको ते बोलले. "अगं, मी परत दिली होती," असं ती सांगत राहिली. मी ऐकलं नाही. दीड महिन्याने खोका आवरताना ती डिस्क 'टेक्कन ५'च्या केसमध्ये, त्याच डिस्कच्या खाली सापडली. घाईत मीच तिथे ठेवली होती. माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली, पण त्यानंतर तिने माझ्याकडे एकही गेम मागितला नाही.

असो. तेव्हापासून मी जी पद्धत वापरते, ती सांगते. बरीचशी आपल्या लायब्ररीतल्या काकांकडून आणि थोडी डीबीएमएसच्या तासाला शिकलेली आहे.

१) आधी नंबर. लायब्ररीत प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो, तसा प्रत्येक गेमला द्या. हीच आपली प्रायमरी की! नावावर विसंबू नका. 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' नावाचा गेम २००५ मध्ये आला आणि २०१२ मध्ये पुन्हा त्याच नावाचा दुसरा आला. 'गॉड ऑफ वॉर'चंही तेच, २००५ आणि २०१८. नंबरचं स्टिकर केसवर लावा, डिस्कवर नको. सीडीमध्ये डेटा छापील बाजूच्या लगेच खाली असतो, बॉलपेनने दाबून लिहिलंत तर गेलाच समजा.

२) रकाने मोजकेच. क्रमांक, नाव, मशीन, साल, केस-मॅन्युअल आहे का, डिस्कची अवस्था, ठेवण्याची जागा. शिवाय डिस्कवर छापलेला कोड. प्लेस्टेशन २ च्या युरोपियन डिस्कवर तो बहुधा 'एसएलईएस' आणि अमेरिकनवर 'एसएलयूएस' असा सुरू होतो. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या मशीनवर सहसा चालत नाही, म्हणून विकत घेतानाही हा रकाना कामाला येतो. एक्सेल चालेल, शंभर पानी वहीसुद्धा चालेल.

३) देवाणघेवाणीचं पान वेगळं. एकच गेम दहा जणी नेतात, म्हणून हे वेगळं टेबल. कोणी नेला, कधी नेला, कधी परत आला. परत घेताना केस उघडून डिस्क बघायची, मगच दोघींनी सही करायची. माझी चूक इथेच झाली होती.

४) डाउनलोड केलेले गेम्सही लिहा. कोणत्या अकाउंटवर, कोणत्या ईमेलने, हे लिहायचं. पासवर्ड मात्र लिहायचा नाही! 'प्लेनाइट' हे विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर स्टीम, एपिक, जीओजी अशा ठिकाणचे गेम्स एका यादीत आणतं. आणखी एक रकाना ठेवा: 'सर्व्हरशिवाय चालतो का?' २०१४ सालच्या 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले, आणि ज्यांच्या हातात डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईना.

५) सेव्ह विसरू नका. प्लेस्टेशन २ चं मेमरी कार्ड अवघं ८ एमबीचं. कोणत्या कार्डावर कोणाचे सेव्ह आहेत ते लिहून ठेवा. डिस्क पुन्हा विकत मिळेल, दादाने बारावीच्या सुट्टीत खेळलेला गेम पुन्हा मिळणार नाही.

६) सेमिस्टर संपलं की पडताळणी. नुसत्या केस मोजू नका, प्रत्येक केस उघडा.

पहिल्या पडताळणीला ४१ च्या ४१ निघाले. दादाला फोटो पाठवला.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. मला वाटायचं, वही गेमच्या मालकासाठी असते. खरं तर ती नेणाऱ्यासाठी जास्त असते. त्या दिवशी वहीत तिची तारीख आणि माझी सही असती, तर तिला चारचौघींत ऐकून घ्यावं लागलं नसतं.

मागच्या महिन्यात रूममेटने स्वतःहून सतरा नंबर मागितला. रविवारी परत आणला तेव्हा मी काही म्हणायच्या आत तिने केस उघडून माझ्यासमोर धरली. मी सही केली. खरं सांगते, मान वर करून तिच्याकडे बघायला जरा वेळच लागला.

तर मंडळी, वही आजच आणा. भांडण झाल्यावर नको!