नवा होस्टा आधी ओसरीवर

पोरी, परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, डेकवर ऊनच येत नाही, तर होस्टाच भरून टाकते सगळीकडे." अठरा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मलाही हीच खुमखुमी आली होती. एका शनिवारी अकरा रोपं आणली, पुढच्या एप्रिलमध्ये त्यातली चारच वर आली. आज मागच्या डेकवर सव्वीस कुंड्या आहेत आणि प्रत्येकीमागे एकेक फजिती आहे. काकांना विचारू नकोस, ते आकडा वाढवून सांगतात.

१. आधी एक रविवार डेकवर खुर्ची टाकून बस आणि कुठल्या कोपऱ्यात किती वाजेपर्यंत ऊन असतं ते लिहून ठेव — होस्टा सावलीचा खरा, पण काळोखाचा नव्हे. सकाळचं दहा-अकरापर्यंतचं ऊन त्याला मानवतं, दुपारचं पानं करपवतं.

२. यंदा तीनच आण — हावऱ्याच्या डेकवर कुंड्या फार आणि पानं कमी.

३. पाटीवरचा फोटो पाहू नकोस, पूर्ण वाढीचा आकडा वाच. 'एम्प्रेस वू' हातभर दिसतो म्हणून घेशील, तर तो पुढे चार फूट उंच होऊन पाच-सहा फूट पसरतो — डेकवर मग तो तरी बसेल नाहीतर तुम्ही दोघं. 'ब्लू माउस इअर्स' मात्र वीतभरही उंच होत नाही. उंदराच्या कानासारखी जाड, गोल पानं असतात त्याची. सुरुवात त्याच्यापासून कर.

४. निळा सावलीत ठेव, पिवळ्याला थोडं ऊन दाखव, पांढऱ्या पोटाच्या पानाला सकाळचंच ऊन दे — पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो स्वतःचं पोट भरत नाही आणि उन्हात सगळ्यांत आधी भाजतो.

५. निळ्या पानांना हात लावू नकोस, त्यांच्यावर साबणाचा किंवा कडुनिंबाच्या तेलाचा फवारा मारू नकोस — ती निळाई म्हणजे हिरव्या पानावरचा मेणाचा थर, काळ्या द्राक्षावर असते तशी. पुसली की गेली. उन्हानेही ती हळूहळू जातेच, तेव्हा ऑगस्टमध्ये तुझा 'हॅल्सियन' हिरवा दिसायला लागला तर नर्सरीवाल्याशी भांडायला जाऊ नकोस. मी गेले होते.

६. तिघांत एक वासाचा असू दे. चिनी जातीचा प्लँटाजिनिया ऑगस्टमध्ये फुलतो, मोठी पांढरी फुलं दुपार कलली की उमलतात — कामावरून यायला आणि वास सुटायला एकच गाठ पडते. डोळे मिटलेस तर पुण्यातला निशिगंध आठवेल, आणि ते उगाच नाही, दोघं एकाच कुळातले. शतावरीही त्याच गोतातली.

आई पहिल्यांदा आली तेव्हा डेकवर उभी राहून म्हणाली, "अळू छान आलंय गं, वड्या करू या." जपानात याचे कोवळे कोंब खरोखर भाजी म्हणून खातात, 'उरुई' म्हणतात त्यांना. पण नर्सरीच्या रोपावर काय काय मारलेलं असतं देव जाणे, तेव्हा तू वड्यांसाठी इंडियन स्टोअरमध्येच जा. आणि तुझ्या कुत्र्याला कुंड्यांपासून लांब ठेव, कुत्र्या-मांजरांना ही पानं बाधतात, उलट्या होतात.

आता जे सांगते ते नीट ऐक. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

७. नवं रोप घरी आलं की जुन्यांच्या पंगतीत बसवू नकोस. निदान एक अख्खा हंगाम त्याला वेगळं ठेव, डेकच्या दुसऱ्या टोकाला किंवा पुढच्या दाराशी — पाहुणा कितीही गोड असो, आधी ओसरी, मग माजघर.

८. पानं उजेडासमोर धरून बघ. शिरांच्या कडेने शाई फुटल्यासारखे गडद पट्टे, किंवा पानाच्या जाडीत उठलेले ओबडधोबड ठिपके दिसले तर दुकानातच खाली ठेव — तो होस्टा व्हायरस एक्स असतो आणि त्याला औषध नाही. १९९६ साली मिनेसोटा विद्यापीठात बेन लॉकहार्ट यांनी तो ओळखला. त्याआधी कित्येक लोक तसली पानं 'नवीन नक्षी' म्हणून हौसेने विकत घेत होते.

९. कात्री, सुरी, खुरपं प्रत्येक कुंडीनंतर धू. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, त्यात बुडवून ठेव आणि मग पूस. हातही साबणाने धू — हा रोग किड्यामुंग्यांबरोबर येत नाही, रोपाच्या रसातून जातो. आणि रस कुंडीतून कुंडीत नेणारे आपणच.

ही माझी सगळ्यांत महागडी फजिती. एका मोठ्या दुकानाच्या सेलमध्ये पिवळाधमक 'सम अँड सबस्टन्स' अर्ध्या किमतीत मिळाला. पानांवर हिरवट ओघळ होते, मला वाटलं पाणी कमी पडलं असेल. जुलैत फुलं गळल्यावर रिकामे दांडे कापायला बसले. हातात एकच कात्री, कानात फोन, फोनवर तुझी आई. सुरुवात नव्यापासून केली, तिथून ओळीने नऊ कुंड्या. दांडा कापला की टोकाशी रसाचा टपोरा थेंब येतो, तो मी पदराला पुसावा तसा कात्रीनेच पुढच्या दांड्याला पुसत गेले. त्या वर्षी काहीच दिसलं नाही. पुढच्या मे महिन्यात पानं उलगडली तशी एकेका कुंडीत शाई उतरायला लागली. आधी 'गोल्ड स्टँडर्ड', मग 'पेट्रियट', मग माझा सहा वर्षांचा 'जून', ज्याच्या पानाच्या मध्यावर पिवळा रंग असा उजळायचा की संध्याकाळी दिवा लावल्यासारखं वाटे. पाच कुंड्या मातीसकट काळ्या पिशव्यांत बांधल्या. काका म्हणाले, "पान कापून बाकीचं ठेव ना." नाही ठेवता येत. मुळापर्यंत गेलेला असतो.

१०. रोगट रोप कंपोस्टमध्ये टाकू नकोस, त्याची माती दुसऱ्या कुंडीत ओतू नकोस. मुळांच्या बारीक तुकड्यांसकट सगळं कचऱ्यात — दोन डॉलरच्या मातीची कंजूषी, वीस डॉलरच्या झाडाला चूड.

११. ऑगस्टमध्ये शिरांच्या मधोमध सरळ तपकिरी पट्टे दिसले तर ते वेगळं दुखणं, पानातले सूक्ष्म कृमी. तेही रोप टाकून दे — ओल्या पानावरून ते शेजारच्या पानावर जातात. ओसरीवरच्या महिन्यांमध्ये हेही उमगतं.

१२. प्रत्येक कुंडीत नाव, तारीख आणि कुठून आणलं ते लिहून खोच, आणि पेन्सिलीने लिही — मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडते, पेन्सिल टिकते. माझ्याकडे तीन 'कोण जाणे' आहेत.

बरं, 'होस्टा' म्हणजे यजमान नव्हे हं. निकोलाउस होस्ट नावाचे ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांच्यावरून नाव पडलं. यजमान आपण, आणि खर्चही आपला.

१३. कुंडी रोपाच्या गड्ड्यापेक्षा दोन-तीन बोटंच रुंद घे — मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहून आंबते. लहान पोराला बापाचा सदरा घातला की तो अडखळणारच.

१४. तळाशी खडे-खापऱ्या घालायची आपली सवय इथे सोड, भोक मोठं असलं म्हणजे झालं — खड्यांवर पाणी अडतं आणि चिखल उलट मुळांच्या जवळ सरकतो. पॉटिंग मिक्समध्ये पाईनच्या सालीचा बारीक चुरा मिसळ, माती भुसभुशीत राहते.

१५. पोस्टाने उघड्या मुळांचं रोप आलं तर तासभर पाण्यात ठेव, कुंडीत मातीची छोटी पिंड कर, तिच्यावर मुळं चहूकडे पसर आणि बुडखा मातीच्या पातळीलाच येऊ दे — खोल पुरला की कुजतो.

१६. कुंडी विटेवर ठेव — भोक मोकळं राहतं. अंगणात झाडाखाली ठेवलीस तर विटा हव्यातच, मेपलची मुळं भोकातून वर शिरून होस्टाचं पाणी पिऊन टाकतात. मी एक कुंडी उचलायला गेले तर ती जमिनीला शिवलेली होती.

१७. पाणी सकाळी, बुडाशी, सावकाश — पानं रात्रभर ओली राहिली की गोगलगाईंना मेजवानीचं आमंत्रण. दोन पेरं बोट खुपसून बघ, कोरडं लागलं तरच घाल. जुलैच्या उकाड्यात लहान कुंड्यांना मात्र रोज लागेल.

१८. खत वसंतात, हळू सुटणारं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं, आणि जुलैनंतर बंद — उशिरा फुटलेली कोवळी पानं थंडीच्या तोंडी जातात.

१९. शंख नसलेल्या गोगलगाई रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन वेच, साबणाच्या पाण्यात टाक. बिअरची वाटी मातीत पुरून ठेवली तरी येतात — पण घरात आधी सांग, आमच्याकडे काकांना वाटलं बाटली मी संपवली. कंटाळा आला तर लोह-फॉस्फेटचे दाणे मिळतात. जाड पानाचे होस्टे त्यांना चाववत नाहीत, हे पुढच्या खरेदीच्या वेळी ध्यानात ठेव.

२०. हरणांपुढे इलाज एकच, दार. डेकच्या पायऱ्यांना फाटक लाव — होस्टा म्हणजे हरणांची कोथिंबीर, दिसली की खुडली. आमच्याकडे एकदा तीन पायऱ्या चढून आली आणि सकाळी नुसते देठ उभे, छत्रीचं कापड फाटून काड्या उरल्यासारखे. अंड्याच्या कुबट वासाचा फवारा मिळतो, चालतो, पण पाहुणे येणार असतील त्या दिवशी मारू नकोस.

२१. खारी कुंडीत ओकची फळं पुरतात. मातीवर कोंबड्यांच्या जाळीचा तुकडा कापून बसव — पुरताना नव्हे, हिवाळ्यात उकरून काढताना त्या बुडख्याचा सत्यानाश करतात.

२२. पहिल्या वर्षी रोप किरकोळ दिसलं, पाटीवरच्या फोटोशी जुळलं नाही, तर हळहळू नकोस. खरं पान तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतं — प्रयोगशाळेत वाढवलेली बाळं असतात ती, मिसरूड फुटायला वेळ लागतो. मी 'सागाए' दुसऱ्या वर्षी वैतागून शेजारणीला दिला. आता रोज तिच्या कुंपणावरून बघते.

२३. रंगीत रोपातून एखादा कोंब निखळ हिरवा आला तर तो बुडापासून काढ — हिरवा जोमाने वाढतो आणि दोन वर्षांत रंगीताला गिळतो. काढायच्या सुरीचं काय करायचं, ते वर सांगितलंच आहे.

२४. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पानं पिवळी पडून लोळागोळा झाली की घाबरू नकोस, मेलेला नाही, झोपला. लोळलेली पानं उचलून टाक — गोगलगाईंची अंडी त्यांच्याखाली थंडी काढतात.

२५. हिवाळ्यात कुंडी घरात घेऊ नकोस. बिनहीटरच्या गराजमध्ये ठेव, नाहीतर उत्तरेच्या भिंतीला सगळ्या कुंड्या खेटून आडव्या करून ठेव — थंडीने होस्टा मरत नाही, थंडीत भिजत राहिल्याने मरतो. माझे पहिले सात असेच गेले, बर्फ वितळून कुंडीत साचत गेला आणि मी खिडकीतून कौतुकाने बघत बसले. मातीची भाजलेली कुंडी मात्र बाहेर तडकते, ती गराजमध्येच ठेव.

२६. पुण्याला न्यायचा विचारही करू नकोस. आईने फार हट्ट धरला होता — पण याला दीड-दोन महिने फ्रिजसारख्या, चार-पाच अंशांखालच्या थंडीची झोप लागते, आणि पुण्याची थंडी म्हणजे स्वेटर दाखवण्यापुरती. झोप न मिळालेला होस्टा दरवर्षी आक्रसत जातो.

२७. एप्रिलमध्ये मातीतून जांभळट टोकं वर आली की रोज हवामान बघ, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत एक जुनी चादर डेकच्या दाराशी ठेव — एका रात्रीच्या गोठलेल्या दहिवराने वर्षभराची पानं चुरगळतात, आणि होस्टा वर्षातून एकदाच मनापासून पानं काढतो.

२८. वाटून घ्यायचा असेल तर हीच वेळ, हळदीच्या गड्ड्यावर असतात तसे डोळे दिसतात. एकेका तुकड्याला निदान दोन-तीन डोळे ठेव — एका डोळ्याचं रोप जगतं, पण रडत. वसंत हुकला तर ऑगस्टअखेर कर, थंडीआधी मुळं धरायला महिनाभर तरी मिळायला हवा.

मी या वसंतात 'हॅल्सियन' वाटला, त्यातला चार डोळ्यांचा तुकडा तुझ्यासाठी सहा इंची कुंडीत लावून ठेवलाय. गणपतीला येशील तेव्हा ने. गाडीत मागच्या सीटखाली ठेव, डिकीत नको, तिथे तापतं. आणि मावशीकडचा म्हणून सवलत देऊ नकोस. वाटताना सुरी धुतली होती, असं मला आठवतंय, पण त्या दिवशी फोनवर परत तुझी आई होती.