हिरवी वायर

नागपूरजवळच्या खापरखेड्यात किरायाची खोली शोधायला फार फिरावं लागत नाही. 1340 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आणि भोवतालच्या कोळसा खाणी यामुळे बाहेरून कामाला आलेल्या माणसांची ये-जा बारमाही. घराच्या मागे, वर, बाजूला जमेल तिथे लोकांनी दोन-चार खोल्या काढल्या आहेत. वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला लागलो तेव्हा मीही अशीच एक खोली घेतली. अॅडव्हान्स दिला, चावी घेतली, सामान टाकलं. करार नाही, पावती नाही. मालक बोलायला चांगला होता, म्हणून मी मागितलीही नाही.

दुसऱ्या वर्षीच्या नवतप्यातली दुपार. कूलरमधलं पाणी संपलं होतं. बायकोने पाईप लावला, टाकी भरत आली तसा तोल सावरायला एक हात कूलरच्या पत्र्यावर ठेवला. कूलर चालूच होता, फरशी ओली होती, पायात चप्पल नव्हती. तिच्या तोंडून आवाजही निघाला नाही. मी दाराशी होतो. तिला धरायला झेपावलो आणि कसं कोण जाणे, मध्येच भान आलं, हात आधी भिंतीवरच्या मेन स्विचकडे गेला. मेन पडलं तशी ती खाली बसली. दोन बोटांवर पांढरे डाग पडले होते. सहा वर्षांची पोरगी हातभर अंतरावर उभी होती. मी तिच्या आईला धरलं असतं, तर पोरीने मला धरलं असतं. तो विचार अजूनही झोपेत येतो.

संध्याकाळी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने कूलरच्या पंपाची वायर दाखवली. पत्र्याच्या धारेवर घासून तिचं आवरण फाटलं होतं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकत होतं. मग त्याने सॉकेटचे दोन स्क्रू काढले. थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकाला हिरवी वायर यायला हवी, ती तिथे नव्हतीच. बोर्डाच्या मागे वीतभर हिरवा तुकडा होता, टोकाला काळी टेप गुंडाळून दुमडून ठेवलेला. घराला अर्थिंग नव्हतं. बांधतानाच कोणीतरी तो खर्च वाचवला होता आणि बाहेरून थ्री-पिन सॉकेट बसवून दिलं होतं.

त्याने जे समजावलं ते प्रत्येक किरायदाराला माहीत असावं, म्हणून सांगतो. पत्र्यात करंट उतरला आणि अर्थिंग ठीक असलं, तर करंट हिरव्या वायरने जमिनीत जातो, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. अर्थिंग नसेल तर पत्रा 230 व्होल्टवर तसाच राहतो, कोणी हात लावेपर्यंत. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या प्रवाहाने एमसीबी पडत नाही, कारण तिला अँपिअरमध्ये प्रवाह लागतो आणि माणूस त्याच्या कितीतरी कमी प्रवाहाने मरतो. त्यासाठी आरसीसीबी नावाचं वेगळं उपकरण असतं. घरगुती आरसीसीबी 30 मिलिअँपिअर गळतीला क्षणात वीज तोडते. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ एवढ्यावर कोणी विसंबू नये.

मी मालकाकडे गेलो. म्हणाले, ‘‘इतके वर्षं झाले, कोणाले काही झालं नाही. वहिनीनं ओल्या हातानं धरलं असंल.’’ तीनदा गेलो. चौथ्यांदा मी रागाने किराया अडवला, आणि ही माझी मोठी चूक. दोन दिवसांनी खोलीची वीज बंद झाली. ‘‘राह्यचं असंल तं राहा, नाही तं खोली खाली करा.’’ भर उन्हाळा, लहान पोर, खाली केली. अॅडव्हान्स परत मिळाला नाही. मागायला काय दाखवणार होतो? माझ्याकडे एक चिठोरंही नव्हतं.

पुढे सावनेरला एका वकीलसाहेबांकडे बसलो तेव्हा कळलं की माझ्या हातात बरंच काही होतं. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम 29 आहे: पाणी, वीज यांसारखी आवश्यक सोय मालकाने योग्य कारणाशिवाय तोडली, तर किरायदार न्यायालयात अर्ज करून ती परत सुरू करून घेऊ शकतो. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नसेल, तर अटींबद्दल किरायदार जे सांगतो ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम. 15 दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर किरायदाराने ती करून खर्च किरायातून कापावा, पण वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशाहून जास्त नाही.

मात्र हा कायदा सरसकट सगळ्या गावांना लागू नाही. नागपूर शहराला आहे. गावात राहणाऱ्याने आपला भाग त्याच्या परिशिष्टात येतो का, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावं. येत नसेल तरी हात रिकामे नाहीत. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्यात जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती त्याने सांगूनही केली नाही, तर किरायदार करून किरायातून वळती करू शकतो. बंधनकारक या शब्दावर सगळं अडतं. म्हणून करारातच लिहून घ्या: वायरिंग, अर्थिंग आणि आरसीसीबी मालकाने बसवायची आणि चालू ठेवायची. हे एक वाक्य माझ्याकडे असतं, तर पुढचं काही झालं नसतं. महिनेवारी भाडेकरूला काढायचं तर साधारणपणे 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि कोर्टाच्या आदेशाविना जबरदस्तीने बाहेर काढलं, तर 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.

विजेच्या मीटरचंही असंच. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 43 प्रमाणे जोडणी मागण्याचा हक्क जागेच्या मालकाइतकाच तिथे राहणाऱ्यालाही आहे. पण राहतो याचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे पुन्हा तोच करार.

किराया कधीही अडवू नका. यूपीआयने द्या. घेत नसतील तर मनीऑर्डर करा, तिची पावती जपा. तक्रार तोंडी करा, पण त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर लिहा, बोर्डाचा फोटो जोडा आणि स्पीड पोस्टाने एक पत्र टाका. शॉक लागून इजा झाली असेल तर विद्युत निरीक्षकांना कळवा, त्यांचं कार्यालय नागपूरला आहे. खांबावरून येणाऱ्या लाइनमध्ये दोष असेल तर महावितरणचा 1912. वकिलाची फी परवडत नसेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाची मदत विचारा. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला ती मोफत आहे, कमाई किती हे न पाहता. आमच्या घरात तक्रार बायकोच्या नावाने करता आली असती. मला ते सुचलंच नाही, कारण माहीतच नव्हतं.

आता आम्ही दुसऱ्या खोलीत आहोत. पैसे देण्याआधी वायरमनला सोबत नेलं. त्याने बल्बचं होल्डर आणलं होतं. एक टोक फेजला, दुसरं अर्थिंगला. बल्ब पूर्ण पेटला तर अर्थिंग बरं समजायचं, मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर नाही. पण कुठे कुठे अर्थिंगच्या जागी न्यूट्रलच जोडून ठेवतात. तसं असलं तरी बल्ब पूर्ण पेटतो आणि धोका आणखी वाढतो. म्हणून त्याने बोर्ड उघडला आणि हिरवी वायर कुठून येते ते अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत पाहिलं. या मालकांना त्याचा राग आला नाही. त्यांनी आरसीसीबी बसवून दिली, करारात ओळही घातली.

उन्हाळा येईल, कूलर माळ्यावरून उतरतील, नवीन खस भरली जाईल. भावांनो, पाणी भरण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करू नका. कोणी चिकटलं तर त्याला हाताने धरू नका, आधी मेन पाडा. आणि नवी खोली पाहायला जाल तेव्हा सॉकेटचे ते दोन स्क्रू वायरमनकडून काढून घ्या, मागे हिरवी वायर दिसेपर्यंत अॅडव्हान्सचा एक रुपयाही देऊ नका.