एव्हबरीच्या शिळा पाहायला खर्च किती?

इंग्लंडातल्या स्विंडन शहरात गोव्याची माणसं मोठ्या संख्येनं राहतात. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी एव्हबरीसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा. चार हजार वर्षांहून जुनं हे शिळावर्तुळ पाहायला तिकीट नाही. स्टोनहेंजला माणशी २५ पौंडांच्या आसपास मोजून शिळा दुरून पाहाव्या लागतात. इथे मात्र त्यांच्यामधून फिरता येतं, हात लावता येतो.

स्विंडनहून ४९ क्रमांकाची बस साधारण अर्ध्या तासात पोचवते. एकेरी भाडं सध्या जास्तीत जास्त ३ पौंड. पौंड ११५ रुपयांचा धरला, तर जाऊन-येऊन माणशी ६९० रुपये. स्वतःची गाडी नेली तर पार्किंगला पैसे पडतात. चौघं असाल तरच ते परवडतं. लंडनच्या पॅडिंग्टनहून स्विंडन रेल्वेनं तासाभरावर आहे, पण ऐन वेळचं तिकीट महाग पडतं. ते आधीच काढा, नाहीतर व्हिक्टोरियाहून कोच घ्या. जोडप्यानं फिरणाऱ्यांना ३५ पौंडांच्या ‘टू टुगेदर’ रेलकार्डावर एक तृतीयांश सवलत मिळते. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही.

पोचल्यावर आधी उत्तरेला, स्विंडनच्या रस्त्यालगत उभी असलेली ‘स्विंडन शिळा’ गाठा. वजन ६० टनांच्या घरात. आजूबाजूच्या कित्येक शिळा गावकऱ्यांनी पुरल्या, पुढे घरं बांधायला फोडल्या. ही कधी पडलीच नाही. पुरलेल्या शिळांपैकी बऱ्याच १९३०च्या दशकात अलेक्झांडर किलर यांनी उकरून पुन्हा उभ्या केल्या. घराण्याच्या मार्मलेडच्या धंद्यातून आलेला पैसा त्यांनी या कामी लावला. त्यांच्या नावाचं संग्रहालय गावातच आहे. त्याला तिकीट आहे, आणि इथे पैसे खर्चायचे तर त्यावरच खर्चावेत, असं माझं ठाम मत आहे.

पुढचं सारं फुकट. सिल्बरी हिल हा माणसांनी रचलेला प्रचंड ढिगारा. वर चढायला बंदी आहे, पायथ्याजवळून पाहायचा. त्यापलीकडे वेस्ट केनेटची सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीची, १०० मीटर लांबीची समाधी आहे. तिच्या दगडी दालनांत आत जाता येतं. विजेरी जवळ ठेवा आणि चिखलात चालतील असे बूट घाला. वृद्ध आईवडील बरोबर असतील, तर शेतांतली ही पायपीट टाळून गावातल्या शिळांपाशीच निवांत थांबा.

रविवारी बस कमी असतात. परतीची शेवटची वेळ निघण्याआधीच पाहून ठेवा. ती चुकली तर टॅक्सीला बाकी सगळ्या खर्चापेक्षा जास्त पैसे जातील.