जुन्या मोटारीचे इंजिन का तापते?
कारणे, तपासणी आणि उपाय

मे महिन्याच्या उन्हात घाट चढताना एखादी जुनी मोटार बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी असलेली दिसते. चालक जवळच्या टपरीवरून पाणी आणतो, रेडिएटरमध्ये ओततो आणि मार्गस्थ होतो. काही अंतर जातो न जातो तोच तापमापकाचा काटा पुन्हा लाल रेषेकडे सरकू लागतो. पाणी घातले म्हणजे दोष दूर झाला, ही समजूत जुन्या इंजिनाला फार महाग पडते. इंजिन तापणे हे लक्षण आहे. रोग निराळाच असतो व तो शोधावा लागतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी हे या दृष्टीने उत्तम उदाहरण होय. तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. टॅक्सी म्हणून तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. तरीही खासगी मालकांनी जिव्हाळ्याने सांभाळलेल्या काही पद्मिनी आजही धावत आहेत. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे असून त्याचा ठोकळा बिडाचा, तर वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे अतिउष्णतेत हेड वाकण्याचा धोका अधिक असतो.

उष्णता जाते कोठे?

पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. पंप हे पाणी फिरवतो, थर्मोस्टॅट त्याची वाट योग्य वेळी मोकळी करतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते निवते आणि पंखा त्यांवरून हवा ओढतो. या साखळीतील एक कडी जरी निकामी झाली तरी उष्णता इंजिनातच कोंडून राहते.

रेडिएटरचे झाकण हीही एक महत्त्वाची कडी आहे. दाब राखणाऱ्या झाकणाची स्प्रिंग दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम जादा दाब धरून ठेवत असेल, तर समुद्रसपाटीला पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाचे रबर झिजले की हे संरक्षण नाहीसे होते. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते. सपाटीवर निमूट चालणारी गाडी घाटमाथ्यावर का उकळते, याचे एक कारण येथे सापडते.

आधी सुरक्षितता

काटा लाल रेषेजवळ जाताच वातानुकूलन यंत्र असल्यास ते बंद करावे, गाडी सुरक्षित जागी थांबवावी व इंजिन बंद करावे. हीटर असलेल्या गाडीत थांबण्याची जागा येईपर्यंत तो पूर्ण चालू ठेवल्यास थोडी उष्णता बाहेर पडते. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब एकाएकी सुटताच उकळते पाणी व वाफ उसळते आणि चेहरा, हात गंभीररीत्या भाजतात. किमान अर्धा तास थांबून, वरची रबरी नळी हाताला कोमट लागल्यावरच, जाड फडके धरून झाकण सावकाश फिरवावे. तापलेल्या, कोरड्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

केव्हा तापते, ते पाहावे

निदानाचा निम्मा भाग निरीक्षणात आहे. वाहतुकीच्या कोंडीत तापणारी आणि वेग घेताच निवणारी गाडी हवेची कमतरता सुचवते. अशा वेळी पंखा, त्याचा पट्टा आणि रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकलेला कचरा प्रथम तपासावा. याउलट, महामार्गावर वेगात तापणाऱ्या गाडीत पाण्याच्या प्रवाहाचा संशय घ्यावा. क्षारांनी चोंदलेला रेडिएटर, झिजलेला पंप किंवा पंपाच्या ओढीने चपटी होणारी खालची रबरी नळी, ही त्याची कारणे असतात. सकाळी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असण्याची शक्यता मोठी. कोठेही गळती न दिसता पाणी रोज कमी होत असेल, तर झाकण आणि हेड गॅस्केट तपासणे अगत्याचे आहे.

स्वस्त तपासणी प्रथम

तपासणी बिनखर्चाच्या गोष्टींपासून सुरू करावी. थंड इंजिनात पाण्याची पातळी पाहावी. नळ्यांचे जोड, पंपाखालचा भाग व रेडिएटरचा तळ येथे गंजाचे वा पांढरे डाग असल्यास तेथे गळती असते. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबल्यास साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबावा. अनेक जुन्या गाड्यांत हाच पट्टा वीजनिर्मितीचे यंत्रही फिरवतो. म्हणून काटा चढत असतानाच चार्जिंगचा लाल दिवा लागला, तर पट्टा सैल झाला अथवा तुटला असे समजावे.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरीही होते. तो काढून पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने टांगावा, सोबत तापमापक ठेवावा आणि पाणी तापवावे. थर्मोस्टॅटवर कोरलेल्या अंशांजवळ झडप उघडू लागली नाही, तर तो बदलावा. तो काढून टाकून गाडी तशीच चालवण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे. ती हितावह नाही. इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, पेट्रोल अधिक जळते व सिलिंडरची झीज वाढते.

एवढ्याने दोष न सापडल्यास प्रज्वलनाकडे वळावे. काँटॅक्ट पॉइंटमधील अंतर बदलले की ठिणगीची वेळ बदलते. ठिणगी उशिरा पडल्यास शक्ती घटते आणि इंजिन अधिक तापते. घासत राहणारे ब्रेकही इंजिनावर अकारण भार टाकतात.

पाणी कोणते घालावे?

विंधन विहिरीचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार तापलेल्या भागांवर थर धरतात आणि हा थर उष्णतेची वाट अडवतो. यास्तव क्षारविरहित पाणी आणि इंजिनाला योग्य असे कूलंट यांचे मिश्रण वापरावे. रेडिएटर उलट्या दिशेने, बेताच्या दाबाने धुवावा. साफसफाईसाठी कॉस्टिक सोडा वापरू नये. तो अ‍ॅल्युमिनियम खातो. नेहमीच्या कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड परंतु विषारी असते. जुने कूलंट उघड्यावर ओतल्यास ते कुत्र्यामांजरांच्या जिवावर बेतते. ते बंद डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

गॅस्केट गेल्यास

तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर आणि थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे ही हेड गॅस्केट फुटल्याची लक्षणे होत. अशी गाडी चालवू नये. हेड पूर्ण निवल्यावरच उतरवावे आणि सरळ पट्टी व फीलर गेज लावून त्याची सपाटी तपासावी. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट बसवणे म्हणजे खर्च वाया घालवणे. जोडणी करताना हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळावेत.

सैल पट्टा, जुने झाकण किंवा अडकलेला थर्मोस्टॅट हे अल्प खर्चात दूर होणारे दोष आहेत. त्यांकडे दुर्लक्ष झाले की तोच खर्च हेडच्या दुरुस्तीपर्यंत, कधी संपूर्ण इंजिनापर्यंत पोहोचतो. दर आठवड्याला पाण्याची पातळी, पट्टा आणि नळ्या पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. जुन्या गाडीचे आयुष्य पुष्कळदा या दहा मिनिटांवरच अवलंबून असते.