घरातील शस्त्र : परवाना, संयम आणि मुलांची सुरक्षितता

मोहगाव, सौंसर, पांढुर्णा या आपल्या संत्र्याच्या पट्ट्यात रानडुकरांपासून पीक राखण्याच्या निमित्ताने बंदुकीचा विषय नेहमीच निघतो. अलीकडे त्याला आणखी एक कारण जोडले गेले आहे. दवाखाना आणि घर एकाच इमारतीत असल्यामुळे रात्री-अपरात्री दार उघडावे लागणारे डॉक्टर, तसेच गावाबाहेर घर बांधलेली कुटुंबे, ‘स्वसंरक्षणासाठी परवाना घ्यावा काय?’ असे विचारू लागली आहेत. या प्रश्नाला एक बाजू कायद्याची आहे व दुसरी वैद्यकशास्त्राची. दोन्हींचा क्रमाने विचार करू.

परवान्याची वाट

आपल्या देशात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ती शासनाने दिलेली परवानगी आहे. अर्जदाराचे वय सर्वसाधारणपणे २१ वर्षे पूर्ण असावे लागते. सामान्य नागरिकास मिळू शकणाऱ्या शस्त्रांसाठी अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो व पोलिसांच्या चौकशी अहवालानंतर निर्णय होतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस जास्तीत जास्त दोन शस्त्रांची मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, सुरक्षित साठवणुकीची हमी आणि शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र यांना महत्त्व दिले आहे.

परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा अधिकार मान्य करतात. परंतु बचावासाठी आवश्यक तेवढ्याच बळाची मुभा देतात. पोलिसांची मदत मिळवण्यास अवधी असेल, तेथे हा अधिकार उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणारा गृहस्थ स्वतःच आरोपी होऊ शकतो. वरातीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पीकरक्षणाचा परवाना असला तरी रानडुक्कर मारण्यास वन्यजीव कायद्याखालील स्वतंत्र परवानगी लागते.

धोका नेमका कोणाला?

शस्त्र घेताना डोळ्यांसमोर दरोडेखोर असतो. प्रत्यक्षात गोळी लागते ती बहुधा आपल्याच माणसाला. अमेरिकेतील तीन शहरांमधील घरगुती गोळीबारांचा केलरमन व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वसंरक्षणार्थ झालेल्या प्रत्येक एका गोळीबारामागे ४ अपघात, ७ गुन्हेगारी हल्ले आणि ११ आत्महत्या अथवा आत्महत्येचे प्रयत्न आढळले. तेथील परिस्थिती वेगळी आहे. पण राग, नैराश्य आणि निष्काळजीपणा सर्वत्र सारखेच.

आपल्याकडील दोन घटना सर्वांना ठाऊक आहेत. २२ एप्रिल २००६ रोजी मुंबईतील राहत्या घरी प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्या सख्ख्या भावाने गोळ्या झाडल्या; पिस्तूल परवान्याचे होते. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी घुसली. एका घटनेत क्रोध होता, दुसरीत केवळ क्षणाचे दुर्लक्ष. परवाना मात्र दोन्हीकडे होता.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला अधिक अस्वस्थ करणारा अभ्यास २००१ सालचा, अटलांटा येथील आहे. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांचे २९ गट एका खोलीत सोडण्यात आले. तेथील खणात निकामी केलेले खरे पिस्तूल होते. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणी ना कोणी घोडा दाबला. हाताळणाऱ्या बहुतेक मुलांना ‘बंदुकीला हात लावू नये’ अशी शिकवण आधीच मिळालेली होती. म्हणजे मुलाला दिलेली ताकीद पुरेशी नाही, कुलूपच हवे.

शस्त्र घरी असेलच तर

१. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजूनच हाताळावे. पिस्तुलाचे मॅगझिन काढल्यावरही नळीच्या मागील भागात एक काडतूस उरू शकते. ते डोळ्यांनी पाहून खात्री करावी.

२. नळीचे तोंड कोणत्याही माणसाकडे नसावे. नेम निश्चित होईपर्यंत बोट घोड्यावर ठेवू नये.

३. लक्ष्यापलीकडे काय आहे ते पाहावे. पत्र्याची अथवा कुडाची भिंत गोळी अडवीत नाही. शेजारी झोपलेले असतात.

४. शस्त्र रिकामे करून कुलूपबंद ठेवावे. काडतुसे वेगळ्या जागी, वेगळ्या कुलपात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रॉसमन यांच्या अभ्यासात या चारही सवयी मुलांच्या आत्महत्या व अपघात कमी असण्याशी निगडित आढळल्या. उशीखाली, गादीखाली किंवा कपाटाच्या वर ठेवणे म्हणजे लपवणे. सुरक्षित ठेवणे नव्हे.

५. मद्यपान केले असता शस्त्राला स्पर्श करू नये.

६. घरात कोणी नैराश्याने ग्रासले असेल, परीक्षेत अपयश आले असेल वा तीव्र कलह असेल, तर शस्त्र काही काळ पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. आत्महत्येची ऊर्मी बहुधा अल्पकालीन असते. हाताशी साधन नसले तर ती वेळ टळून जाते.

आपले कर्तव्य

डॉक्टर बंधु-भगिनींनो, अर्जदाराचे आरोग्य प्रमाणपत्र आपल्याच सहीने जाते. ओळखीच्या माणसाला ‘फिट’ लिहून देण्याआधी व्यसन, नैराश्य, पूर्वीचा आत्महत्येचा प्रयत्न आणि घरातील हिंसा यांची चौकशी अवश्य करावी. शंका वाटल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. लसीकरणास आलेल्या पालकांना आपण रॉकेल आणि कीटकनाशके मुलांपासून दूर ठेवण्यास सांगतो. त्याच सहजतेने ‘घरी बंदूक आहे का? कशी ठेवता?’ हेही विचारावे.

स्वसंरक्षणाची पहिली पायरी मजबूत दार, अंगणातील दिवा, कॅमेरा, सजग शेजारी आणि ११२ हा क्रमांक ही आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध मध्यप्रदेशात २००८ सालचा कायदाही आहे. एवढे करूनही शस्त्राची गरज उरलीच, तर ते अवश्य घ्यावे; पण तिजोरीची व्यवस्था आधी करावी आणि अर्ज नंतर भरावा.