हायकूचे मौन आणि अक्षराची निवड

हायकू कोणत्या अक्षरात छापावा, हा प्रश्न वरवर मुद्रकाचा वाटतो. प्रत्यक्षात तो कवितेच्या आकलनाचा आहे. हायकूत शब्द मोजके असतात आणि बराचसा अर्थ विरामात असतो. जे अक्षर हा विराम वाचकापर्यंत पोचवते ते योग्य, अशी या लेखाची भूमिका आहे.

जपानीत हायकू सामान्यतः एकाच उभ्या ओळीत छापतात. त्यातील खंड 'या', 'केरी', 'काना' अशा छेदक शब्दांनी दाखवला जातो. त्यांना किरेजी म्हणतात. मराठीत असा शब्दवर्ग नाही, गुजरातीतही नाही. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला आणि स्नेहरश्मी यांनी 'सोनेरी चांद, रूपेरी सूरज' (१९६७) या संग्रहातून गुजरातीत रुळवलेला हायकू तीन ओळींचा आहे. किरेजीचे काम येथे ओळीच्या तुटण्यावर येते, म्हणजेच पानाच्या मांडणीवर येते.

वर्गात समजावण्यासाठी केलेली पुढील रचना पाहा :

वारा थांबला
तारेवर पतंग
थरथरतो

अक्षरसंख्या ५-७-५ आहे आणि खंड पहिल्या ओळीनंतर आहे. वारा थांबला, तरी पतंग का थरथरतो? हा प्रश्न त्या खंडात उभा राहतो आणि उत्तर वाचकावर सोपवलेले आहे. वाचक तेथे थांबला नाही, तर त्याच्या हाती उत्तरायणानंतरची एक बातमी तेवढी लागते.

आता ही रचना वेगवेगळ्या टंकांत मांडून पाहावी. शीर्षकासाठी घडवलेल्या ठळक टंकात शिरोरेषा इतकी जाड होते की तीन ओळी तीन तुळयांसारख्या दिसतात. 'कलाम'सारख्या हस्ताक्षरी टंकात कवितेआधी अक्षराचीच लकब डोळ्यांत भरते. पतंगाच्या आकाराची अक्षरे काढली, तर जे वाचकाने मनात पाहायचे ते आपणच दाखवून टाकतो. याउलट 'मुक्त'सारखा जवळपास एकसारख्या जाडीच्या रेषांचा टंक, किंवा जाड-बारीक रेषांचे पारंपरिक पुस्तकी वळण, शब्दांच्या मागे राहते. हायकूला असेच अक्षर मानवते.

टंकाइतकेच महत्त्व भोवतालच्या कोऱ्या जागेला आहे. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि रफार वर जातात, उकार खाली उतरतात. ओळी जवळ आल्या की त्यांची गर्दी होते आणि विराम बुजतो. १४ पॉइंटच्या अक्षराला ओळींमधले अंतर २२ ते २४ पॉइंट ठेवून सुरुवात करावी व पुढे नजरेने ठरवावे. तिन्ही ओळी डावीकडून एका रेषेत सुरू कराव्यात. मध्यभागी जुळवल्या की प्रत्येक ओळीचा आरंभ हलतो आणि लग्नपत्रिकेचा भास होतो. 'थांबला'मधील 'ल' मराठी वळणाचा, पाकळीयुक्त आहे का, हेही तपासावे. अनेक टंकांत मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्यावरच ते वळण येते.

सुरतेत मराठी आणि गुजराती हायकू एकाच पानावर येण्याचे प्रसंग महाविद्यालयीन वार्षिकांत सहज येतात. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. तिच्यात शब्द केवळ मधल्या जागेने वेगळा होतो, तर देवनागरीत शिरोरेषा शब्दाला बांधून धरते. दोन्ही लिप्यांना एकच पॉइंट आणि एकच अंतर दिले, तर बहुधा देवनागरी मजकूर अधिक दाट दिसतो आणि मराठी कविता उगाच घाईत असल्यासारखी वाटते. म्हणून आकड्यांवर न विसंबता अक्षरांची दिसणारी उंची जुळवावी आणि मराठी ओळींना थोडी अधिक जागा द्यावी. दोन भाषांना समान न्याय द्यायचा, तर मापे वेगळी ठेवावी लागतात.

अखेरची कसोटी सोपी आहे. छापलेले पान ही कविता पूर्वी न वाचलेल्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे आणि त्याला ती मोठ्याने वाचायला सांगावे. काही न सांगता तो 'थांबला'पाशी थांबला, तर अक्षराची निवड बरोबर आहे. न थांबल्यास कवितेला दोष देण्याआधी पानाची मांडणी पुन्हा तपासावी.